लेसी, मांडवी आणि आपला सूर

महोदय,

पुरात पुलाच्या खांबापाशी नदीचा तळ किती खोल खरवडला जातो, ते मागच्या लेखात मी लेसी या अभियंत्याच्या सूत्राने काढलं होतं. त्याखालची आपली प्रतिक्रिया वाचली. आपण लिहिता: 'पंजाबच्या कालव्यांचं सूत्र भरती-ओहोटीच्या मांडवीला लावून साडेनऊ मीटर खड्डा काढणं हास्यास्पद आहे. लेखकाने नदी कधी काठावरून तरी पाहिली आहे का?' पुढे संगणकी प्रारूपं, चिखलाचा चिकटपणा, लेखाची लांबी वगैरे.

लेख लांबला, मान्य. वाळूच्या कणाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, हेही सूत्राशेजारी लिहायला हवं होतं, आता घातलंय.

पण 'काठावरून तरी'? माझं बालपण माशेलच्या बाजूला, कुंभारजुव्याच्या खाडीकाठी गेलं. आमच्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधाला मानस, म्हणजे दारांची मोरी, होती. ओहोटी लागली की तिची दारं उघडत आणि पाणी ज्या जोराने बाहेर पडे, त्याने समोरचा तळ उकरून निघे. आजोबा तिथे लांब बांबू घालून बघत. जोर चालू असताना बांबू खोल जायचा. पाणी निवळलं की त्याच जागी मऊ गाळ लागायचा, जणू काही झालंच नाही. पुलाच्या खांबापाशीही हेच होतं. पुराच्या ऐन भरात तळ खरवडला जातो आणि पूर ओसरताना खड्डा परत भरतो. जानेवारीत होडीतून दोर सोडून 'इथे काहीच खोल नाही' म्हणणाऱ्यांनी नदी कुठून पाहिली, हे मी विचारत नाही.

आता साडेनऊ मीटर. लेखातलं उदाहरण सेकंदाला १००० घनमीटर प्रवाह आणि ०.३२ मिमी वाळूचं होतं. कण तेवढा असला की १.७६ गुणिले व्यासाचं वर्गमूळ, म्हणजे सिल्ट फॅक्टर (वाळूच्या भरडपणाचा आकडा), जवळजवळ १ येतो. लेसीप्रमाणे खरवडीची साधी खोली ४.७ मीटर, आणि खांबापाशी तिची दुप्पट. ही दुप्पट पुराच्या पातळीपासून खाली मोजायची असते, महोदय, तळापासून नव्हे! पुरात तिथे सहा मीटर पाणी असेल तर तळाखालचा खड्डा साडेतीन मीटरच. आपण सरळ साडेनऊ मीटरचा खड्डाच खणलात आणि हसलातही.

राहिला पंजाब. केनेडी यांनी १८९५ मध्ये बारी दुआबच्या कालव्यांवरून सूत्र काढलं, लेसी यांनी १९३० मध्ये ते पुढे नेलं, ही माहिती मी लेखात दिली होती. ती मलाच परत सुनावण्यात काय हशील? 'खांबापाशी दुप्पट' हा नियम मात्र पंजाबातल्या कालव्यांचा नव्हे, नद्यांवरच्या पुलांच्या निरीक्षणांतून आलेला आहे. इंग्लिस यांचं ते काम, पुण्याजवळ खडकवासल्याला ज्यांनी संशोधन केंद्र चालवलं तेच इंग्लिस. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांच्या पायाच्या संहितेत आजही लेसीच्याच घराण्यातलं सूत्र आहे. तिथल्या अभियंत्यांनाही आपण काठावरून नदी दाखवणार का?

रुंदीचं सूत्र, ४.७५ गुणिले प्रवाहाचं वर्गमूळ, इथे चालत नाही, हे मी स्वतःच लिहिलं होतं. आपल्या नद्यांना जांभ्याचे कडे आणि खाजनांचे बांध दोन्हीकडून आवळतात. म्हणून तर दर मीटर रुंदीमागचा प्रवाह धरायचा. सूत्राने वरच्या प्रवाहाला जवळपास १५० मीटर रुंदी मिळते. पुलाने ती १०० केली तर ४.७ ची खोली ६.२ मीटर होते. उलट रुंदी मोकळी असेल आणि प्रवाहाचा अंदाज निम्म्याने चुकला, खरा प्रवाह दुप्पट निघाला, तरी खोली फक्त सव्वापटीच्या आसपास वाढते, कारण खोलीच्या सूत्रात प्रवाहाचं घनमूळ आहे. घाबरायचं ते नदी आवळण्याला. लेखाचा मुद्दा एवढाच होता, आणि त्यावर आपला एकही शब्द नाही.

भरती-ओहोटी मलाही ठाऊक आहे, ती पार आतल्या गांजे गावापर्यंत चढते. पण पावसाळ्यात म्हादईचं, म्हणजे वरच्या मांडवीचं, पाणी उतरतं तेव्हाचा ओहोटीचा जोर धरूनच पाया खोल न्यायचा. चिखलाचं गणित वेगळं, आणि माझा लेख वाळूवर होता. प्रारूपांबद्दल बोलायचं तर त्यांनाही तळाची खरी मोजणी भरवावी लागते.

तेव्हा पावसाळ्यात, पूर चालू असताना खांबापाशी घेतलेली मोजणी आपल्याजवळ असेल तर पाठवा. छापतो. मात्र टोपणनावाने नको, नाव लिहून.