मुलाखत घ्यावी तर अशी

मालक, इंदुरात नवं ऑफिस थाटलंत, अभिनंदन. आता माणसं घ्याल. त्यासाठीच्या चार युक्त्या गेल्या आठवड्यात विजयनगरात खुर्चीवर बसून शिकून आलेय. ताज्या आहेत तोवर घ्या.

जाहिरातीत ‘फक्त पुरुष’ लिहू नका. ‘रात्री उशिरापर्यंत थांबायची तयारी हवी’ लिहा.

उमेदवार मराठी निघाली तर सोनंच. म्हणा, ‘रामबागेतल्या का? मग घरच्याच की हो!’ घरच्या बाईला काहीही विचारता येतं. लग्नाला किती वर्षं झाली, एकच आहे ना, दुसऱ्याचं काय ठरलंय, सासूबाई जवळ असतात का, मुलाला ताप आला तर कोण थांबतं. बायोडेटा वाचायची गरज नाही, त्यावर कप ठेवा. माझ्या जीएसटीच्या अनुभवावर चहाचं गोल कडं उमटलं, छान दिसत होतं. मग हळूच, ‘राग मानू नका हं ताई, आपली माणसं म्हणून विचारतो.’ माझ्यानंतर आत गेलेल्या मुलाचं बाळ चार महिन्यांचं. जिन्यात भेटला तेव्हा सांगत होता, त्याला एवढंच विचारलं: ‘सोमवारपासून याल?’

पगारही घरगुतीच ठेवा. ‘मिस्टर कमावतातच ना?’ एकाच कामाला बाई म्हणून कमी पैसे द्यायचे नाहीत, हे १९७६ पासून कायद्यात आहे. आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे, आणि भरतीतही भेदभाव नको, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. असू द्या.

कुणी गरोदर राहिलीच तर काढू नका, अंगाशी येईल. टेबल जिन्याखाली हलवा, फायली काढून घ्या. राजीनामा ती आपणहून देते. २६ आठवड्यांची भरपगारी रजा वाचली.

पाळणाघर पन्नास माणसांवर लागतं. हजेरीपट एकोणपन्नासला थांबवा.

छळाच्या तक्रारींची समिती दहा माणसांपासून सक्तीची, २०१३ चा कायदा. नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. मग नऊच जण दाखवा, बाकीचे ‘कंत्राटी’ म्हणा. कायदा कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ सगळ्यांना धरतो, पण तुम्ही कुठं वाचायला बसलाय!

वाचतच नाही तुम्ही काही. अहो, माझी सासू कुठं राहते याचा तुमच्या ताळेबंदाशी संबंध काय? मूल माझं एकटीचं आहे का? केबिनमध्ये अहिल्यादेवींची तसबीर लावायची, हार घालायचा, आणि तिच्याच खाली बसून बाईला विचारायचं, ‘घर सांभाळून जमेल ना?’ ताई म्हणायचं आणि ताईच्याच पोटावर पाय द्यायचा. लाज कशी वाटत नाही?

आणि ‘जाऊ दे गं, सगळीकडे असंच असतं’ म्हणणाऱ्या बायांनो, तुमच्याच जिवावर हे चाललंय. श्रमायुक्तांचं कार्यालय भोपाळला नाही, इथं इंदुरातच आहे. रिक्षानं जाता येतं.

मालक, पुढच्या वेळी दुसऱ्या मुलाबद्दल विचारायचं असेल तर कंपनीच्या कागदावर लिहून, खाली सही-शिक्का मारून विचारा. तो कागद कुठं नेऊन द्यायचा ते माझं मी बघते.