‘सहावीपर्यंत तर शिकतायत ना?’

ऑक्टोबर 2025 मध्ये अफगाणिस्तानातल्या तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री आमीर खान मुत्ताकी दिल्लीत येऊन गेले. पहिल्या पत्रकार परिषदेला एकही महिला पत्रकार नव्हती. त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा दोन दिवसांनी महिला पत्रकारांना बोलावून दुसरी परिषद झाली. तिथे मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आला. त्यांच्या उत्तराचा सारांश असा: देशात एक कोटी विद्यार्थी शिकतात, त्यात 28 लाख मुली आणि स्त्रिया आहेत; मदरशांत अगदी पदवीपर्यंत शिकता येतं; शिक्षण आम्ही हराम ठरवलेलं नाही, पुढच्या आदेशापर्यंत काही ठिकाणी थांबवलंय. हेच उत्तर आता आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतंय, आणि शेवटी जोड असते: ‘बंदीबिंदी काही नाही, पाश्चात्त्यांचा कांगावा. असली तरी ती त्यांची संस्कृती, त्यांच्या लोकांना चालते, आपण कोण बोलणारे?’ मला हे तिघांनी पाठवलं. तिघेही पोटाला चिमटा घेऊन मुलींच्या क्लासची फी भरणारे बाप आहेत. म्हणूनच वाटतं, नीट सांगितलं तर त्यांना पटेल.

28 लाखांचा आकडा खरा धरला, तरी त्यातून बंदी नाही असं निघत नाही. बंदी सहावीपर्यंत नाहीच, ती सातवीपासून आहे. तिथे प्राथमिक शाळा सहावीला संपते, आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी सहावी पास झाली की तिची शाळाच संपते. युनेस्कोच्या 2025 च्या हिशेबाने अशा घरी बसवलेल्या मुली 22 लाखांच्या आसपास आहेत. केवळ मुलगी आहे म्हणून देशभर सातवीचा वर्ग बंद, असं जगात दुसरीकडे कुठेही नाही.

‘थांबवलंय’ हे तर जुनंच आहे. तालिबान सत्तेत आल्यावर सप्टेंबर 2021 मध्ये माध्यमिक शाळा उघडल्या त्या फक्त मुलग्यांसाठी. मुलींना सांगितलं, थोडं थांबा. मग जाहीर झालं की 23 मार्च 2022 ला त्यांच्याही शाळा उघडणार. त्या सकाळी काळे झगे, डोक्याला पांढरे रुमाल, खांद्याला दप्तर अशा मुली कितीतरी महिन्यांनी बाकांवर येऊन बसल्या. काही तासांत निरोप आला, घरी जा. मुली हुंदके देत फाटकाबाहेर पडल्या. कारण सांगितलं गणवेशाचं: शरीयत आणि अफगाण परंपरेला धरून गणवेश ठरेपर्यंत शाळा बंद. शाळा आजही बंद आहेत. त्या दिवशी नववी-दहावीत बसलेली मुलगी एव्हाना कॉलेजात असती. तिचं वय कोणी थांबवून ठेवलेलं नाही.

मदरशाचं म्हणाल, तर धार्मिक शिक्षण कुणाला हवं असेल तर जरूर घ्यावं. पण त्यातून सुईण तयार होत नाही. 20 डिसेंबर 2022 ला विद्यापीठं बायकांना बंद झाली, तेव्हा नर्सिंगच्या आणि सुइणींच्या संस्था तेवढ्या उरल्या होत्या. डिसेंबर 2024 मध्ये त्याही बंद केल्या. काही प्रांतांत पुरुष डॉक्टरांनी बायकांना तपासण्यावरही निर्बंध आहेत. आता हे दोन्ही नियम शेजारी ठेवून बघा. पुरुषाने तपासायचं नाही, बाईने शिकायचं नाही. मग बाळंतपण अडलं तर त्या बाईने जायचं कुठे? 2020 च्या अंदाजानुसार त्या देशात एक लाख बाळंतपणांमागे 600 च्या वर माता मरत होत्या. आज कामावर असलेल्या सुइणी म्हाताऱ्या होतील तेव्हा त्यांच्या जागी कोण येणार?

आता संस्कृती. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो त्या लोकांवरच अन्याय करतो. काबूलमध्ये मुलींची शाळा 1921 मध्ये निघाली, राणी सुरय्याच्या पुढाकाराने. 1965 मध्ये कुब्रा नूरझई तिथे आरोग्यमंत्री होत्या. एवढं जुनं नको असेल तर सप्टेंबर 2022 मधला पक्तिया प्रांत घ्या. हा पश्तून मुलूख, म्हणजे बहुतेक तालिबान ज्या समाजाचे त्यांचाच. तिथल्या वडीलधाऱ्यांनीच पुढे होऊन मुलींच्या काही शाळा उघडवल्या. काही दिवसांत त्या बंद पाडल्या, तेव्हा तिथल्या गर्देझ शहरात रस्त्यावर मुली घोषणा देत उतरल्या. विद्यापीठबंदी आली तेव्हा नंगरहार प्रांतात मुलगे परीक्षा सोडून बाहेर आले. काबूलचे प्राध्यापक इस्माईल मशाल यांनी टीव्हीवर, सगळ्यांसमोर, स्वतःची प्रमाणपत्रं फाडली. पुढे हातगाडीवरून पुस्तकं वाटताना त्यांना पकडलं. मतिउल्लाह वेसा तर खुद्द तालिबानच्या बालेकिल्ल्यातले, कंदाहारचे. मोटरसायकलवर पुस्तकं लादून गावोगाव फिरायचे, मुलींच्या शाळेसाठी लोकांशी बोलायचे. त्यासाठी 2023 मध्ये सात महिने तुरुंगात होते. हे सगळे अफगाणच ना?

धर्माचंही तेच. इजिप्तच्या अल-अझहर या नावाजलेल्या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी ही बंदी शरीयतविरोधी असल्याचं जाहीर सांगितलं. सौदी, कतार, तुर्कस्तान यांनीही निषेध केला. तालिबानमधलेच उपपरराष्ट्रमंत्री स्तानिकझई (हे 1980 च्या दशकात डेहराडूनच्या लष्करी अकादमीत शिकलेले) जानेवारी 2025 मध्ये बोलले की याला काही सबब नाही, आणि मग त्यांना देश सोडावा लागल्याच्या बातम्या आल्या. हुकूम कंदाहारात बसलेले तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदझादा यांचा चालतो. त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने जुलै 2025 मध्ये अटक वॉरंट काढलंय.

2021 आधी सगळं आलबेल होतं असं मी म्हणत नाही. खेड्यांत कितीतरी मुली तेव्हाही शाळेबाहेर होत्या: शाळा लांब, शिक्षिका नाहीत, वर लढाई. पण ती वाट खडतर होती आणि लोक ती तुडवत होते. 2001 मध्ये उच्च शिक्षणात पाचेक हजार बायका होत्या, 2021 पर्यंत लाखाच्या वर गेल्या.

राहिलं ‘आपण कोण?’ पुण्यात अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकत आलेत. कोविडात बरेच जण घरी गेले, आणि ऑगस्ट 2021 मध्ये आपल्या सरकारने आधी दिलेले व्हिसा रद्द केले. तिकडे अडकलेल्यांत मुलीही होत्या. त्यांना तिथलं विद्यापीठ बंद झालं आणि इथलंही गाठता येईना. आता काबूलमध्ये आपला दूतावास पुन्हा सुरू झालाय. शिकायला येणाऱ्या मुलीला, आणि घरचा पुरुष सोबत असल्याशिवाय तिला विमानात बसू देत नाहीत म्हणून तिच्या भावाला किंवा बापालाही, व्हिसा द्या, हे तर आपण आपल्या सरकारकडे मागू शकतो.