प्रॉम्प्ट नीटच लिहिला होता

परवा दादाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. एआयच्या चित्रांत वर्णभेद शोधणं हे म्हणे परदेशी विद्यापीठांचं खूळ. यंत्र जग आहे तसंच दाखवतं, चित्र चुकलं तर प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला दिलेली सूचना, लिहिणाऱ्याची चूक, आणि इंग्रज कधीच गेले, आता चित्रांत कसला वसाहतवाद!

मी सोडून दिलं असतं. पण आमची भाची कमर्शियल आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लसीकरणाचं पोस्टर करतेय. लस टोचणारी नर्स तिला सावळी हवी होती. चार दिवस एआयशी झगडली. दर वेळी नर्स गोरीपान आणि सावळी बाई बाळ घेऊन समोर बाकावर. फॉरवर्ड वाचून म्हणाली, “मावशी, मलाच लिहिता येत नसेल.”

म्हणून आधी प्रॉम्प्टचंच बोलते. २०२३ मध्ये आर्सेनी अलेनिचेव्ह हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग मांडला. मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयला सांगितलं, कृष्णवर्णीय आफ्रिकी डॉक्टर आजारी गोऱ्या मुलांवर उपचार करताना दाखव. नुसते आफ्रिकी डॉक्टर मागितले की मिळत होते. नुसती हलाखीतली गोरी मुलंही मिळत होती. दोघांना एका चित्रात आणायला गेलं की मुलं काळी होत. ३०० हून अधिक चित्रं काढली, जवळजवळ दर वेळी तेच; काहींत तर जिराफ आणि हत्तीही येऊन उभे. आता सांगा, वाक्यात काय चुकलं होतं? शब्द सगळे कळत होते. पण मदतीचे फोटो वर्षानुवर्षं एकाच तऱ्हेने काढले गेले, देणारा गोरा आणि घेणारा काळा, आणि यंत्र त्यांवरच शिकलं. माझ्या भाचीची नर्स तिथेच अडकली होती.

‘जग आहे तसं’? ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये स्टेबल डिफ्यूजन या तसल्याच एआयकडून फास्ट फूड कामगारांची चित्रं काढून घेतली. ७० टक्के चित्रांत सावळी-काळी माणसं आली. अमेरिकेत त्या कामात ७० टक्के लोक गोरे आहेत.

गूगलने मुद्दाम सगळ्या वर्णांची माणसं दाखवून पाहिली आणि तोंडघशी पडलं, हा फॉरवर्डमधला टोमणा मात्र खरा आहे, मानावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या जेमिनी या एआयने नाझी सैनिकसुद्धा काळे आणि आशियाई दाखवले, आणि माणसांची चित्रं काढणं गूगलला थांबवावं लागलं. पण मुळात शिकवणीतच जे नाही, ते वरून रंग ओतून येत नाही. यातून दुखणं नव्हतं असं कसं ठरतं?

राहिला वसाहतवाद. १८६८ ते १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. फोटोखाली बहुधा माणसाचं नाव नाही, जातीजमातीचं नाव आणि तिच्या स्वभावाचा शेरा. एक चेहरा म्हणजे अख्खी जमात. २०२३ मध्ये रेस्ट ऑफ वर्ल्ड या बातम्यांच्या संकेतस्थळाने मिडजर्नीकडे ‘भारतीय व्यक्ती’ची १०० चित्रं मागितली, तर जवळजवळ सगळे दाढीवाले म्हातारे पुरुष. इंग्रज गेले, बघण्याची ही रीत गेली का?

भाची आता पोस्टर हाताने काढतेय. समोर आजीचा जुना फोटो ठेवलाय, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पायरीवरचा, पांढरी साडी, हातात लशीचा डबा. दादा, ती सावळी नर्स आपली आई आहे.