चार्ज कोणाकडे आहे?

नानांचं ट्रॅक्टरचं लोन एकदाचं फिटलं आणि बँकेचं पत्र आलं. सगळं इंग्रजीत, त्यातला नानांच्या ओळखीचा शब्द एकच, चार्ज. तुमच्या जमिनीवरचा चार्ज काढायला आमची हरकत नाही, एवढाच मजकूर होता. पण नाना दिवसभर बातम्यांचे चॅनल बघतात, त्यामुळे चार्ज म्हणजे चार्जशीट हे त्यांच्या डोक्यात फिट. त्यात शेजारचे हवालदार काका, रिटायर झाले तरी ड्युटीवरच असतात, ते म्हणाले, "घाबरू नका नाना, आरोपी आत असेल तर ६० नाहीतर ९० दिवसांत चार्जशीट टाकावीच लागते, नाही टाकली तर जामीन मागायचा हक्कच आहे." नाना ओट्यावरच बसले. कर्ज फेडणाऱ्याला आत टाकायचा कायदा कधी आला?

मी समजावलं की हा तो चार्ज नाही, सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचं नाव असतं ना, तो बोजा, तो उतरवायचाय. बोजा म्हणल्यावर लगेच पटलं, इतकी वर्षं हप्ते भरणाऱ्या माणसाला तो शब्द समजवावा लागत नाही.

मग बँकेत नो ड्यूज आणायला गेलो तर तिथं सर्टिफिकेटला चार्ज. म्हणजे चार्ज काढायचा चार्ज! पासबुक भरून घेतलं तर मेसेजचे पण कापलेले, पैसे कापले हे कळवणाऱ्या मेसेजचे बरं का. मॅडमना विचारलं हे कशाचे, तर त्या म्हणाल्या, "सर मी लोनची नाही, लोनवाले ट्रेनिंगला गेलेत, माझ्याकडे फक्त चार्ज आहे." नाना माझ्या कानात म्हणाले, "बघ, कबूल करतायत, सगळा चार्ज यांच्याकडेच जातो."

खरी मजा तलाठी ऑफिसला. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं पण गावात कोण म्हणतंय, भाऊसाहेब ते भाऊसाहेबच. तर भाऊसाहेबांची बदली झालेली. कोतवाल दारातच म्हणाला, "चार्ज शेजारच्या सज्जाच्या भाऊसाहेबांकडं दिलाय." तिकडं गेलो. ते म्हणाले दिलाय खरा पण मी अजून घेतला नाही. दिलेला आणि न घेतलेला चार्ज मधल्या काळात कुठं असतो हे मला कोणी सांगू शकलं नाही, बहुतेक त्या बंद कपाटात असावा, कारण त्याची चावी पण सापडत नव्हती. जुन्या भाऊसाहेबांना फोन लावला तर स्विच ऑफ. कोतवाल शांतपणे म्हणाला, "चार्ज नसंल." तेच तर म्हणतोय बाबा आम्ही सकाळपासून!

घरी येऊन भाचीला सांगितलं, ती बारावी सायन्सला. ती म्हणाली मामा, चार्ज कधी नष्ट होत नाही, नुसता इकडून तिकडं जातो, फिजिक्सचा नियमच आहे. महसूल खात्याला हा नियम कोणी शिकवला माहीत नाही पण पाळतात मात्र काटेकोर. तिनं आणखी सांगितलं की प्लस मायनस ही नावं १८ व्या शतकात बेंजामिन फ्रँकलिननं ठरवली, मग १८९७ मध्ये थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला आणि तारेतून धावणारा तो बिचारा निघाला मायनसवाला, म्हणून आजही पुस्तकात करंटचा बाण एकीकडं आणि इलेक्ट्रॉन उलटीकडं. मला हे अजिबात नवल वाटलं नाही, आमची फाईल पण तशीच जाते.

तिच्या मराठी पुस्तकात चार्जला प्रभार म्हणतात. आणि आमच्या शाळेत कित्येक वर्षं प्रभारी मुख्याध्यापकच आहेत, ते धन का ऋण हे शिपायाला विचारा. लाइटबिलात तर चार्जचा आकार होतो, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि घराला महिनाभर कुलूप असलं तरी स्थिर आकार काही हलत नाही, नावाला जागतो.

नानांचा आता या शब्दावर इतका राग की परवा तालुक्याच्या एसी हॉटेलात बिलावर सर्व्हिस चार्ज बघून ते उठूनच उभे राहिले. इथं मात्र कायदा आमच्या बाजूनं होता, ग्राहकाला न विचारता तो बिलात घालायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये सांगितलंय आणि दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. मॅनेजरनं निमूट काढून टाकला. एवढ्या धावपळीत एका झटक्यात निघालेला हा एकमेव चार्ज.

बोजा उतरवायचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, आता धरलाय. १५ दिवस हरकतीची नोटीस लागली, हरकत कोणाची नाही, हवालदार काकांची पण नाही. राहिली फक्त मंडळ अधिकाऱ्यांची सही, आणि ते रजेवर. त्यांचा चार्ज कोणाकडे आहे हे विचारायला या वेळी नानांनाच पाठवलंय, फोन फुल करून आणि वर पॉवर बँक देऊन.