आधी मॉर्फिन द्या, मग इंजेक्शनचं बोलू

गेल्या रविवारी पुतणी घरी आली होती. ती लॉ करते आहे. चहा पिता पिता तिनं विचारलं, "काकू, तू एवढी वर्षं वॉर्डात काढलीस. उद्या आपल्याकडे इंजेक्शन देऊन इच्छामरण द्यायला कायद्यानं परवानगी दिली, तर तू बाजूनं की विरोधात?" मी "नंतर बोलू" म्हणून कप उचलून आत गेले. रात्री झोप लागली नाही. तिला सांगायचं राहून गेलं ते इथं लिहिते आहे. लांबलं आहे, सवडीनं वाचा.

मी ३१ वर्षं ठाणे जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत स्टाफ नर्स होते, शेवटची नऊ वर्षं इनचार्ज. नावं घेणार नाही. माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुली आजही तिथे ड्युटी करतात.

शहापूरकडचे एक बाबा होते. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत उतरलेला. जुलै महिना. मेल वॉर्ड ४० खाटांचा, पेशंट ६७. दोन खाटांच्या मध्ये गादी, व्हरांड्यात गादी. नाईटला आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. मी औषधाची ट्रॉली घेऊन गेले की बाबा माझ्या पदराला हात लावायचे. "बाय, मना मोकला कर." पहिल्या रात्री म्हणाले, दुसऱ्या रात्री म्हणाले. दुखत असणार, म्हणून मी ट्रामाडॉल हे त्यातल्या त्यात हलकं वेदनाशामक दिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. आमच्याकडे तेवढंच होतं. अशा दुखण्याला खरं लागतं ते मॉर्फिन नव्हतं.

तिसऱ्या रात्री दोन पेशंट शिफ्ट झाले आणि पहाटे तीनच्या सुमाराला मला दहा मिनिटं मोकळी मिळाली. स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. "बाबा, एवढं का म्हणता?" त्यांनी खाली बोट दाखवलं. खाटेखाली त्यांचा मुलगा चादर अंगावर ओढून झोपला होता. त्याला बारा दिवस झाले होते इथं. घरी लावणी खोळंबली होती. आवण, म्हणजे लावायची भाताची रोपं, पिवळं पडायला लागलं होतं. बाबांचं म्हणणं एवढंच, मी मेलो की पोरगा घरी जाईल, भात लागेल.

त्या रात्रीचा विचार मी पुष्कळदा करते. समजा तेव्हा कायदा असता आणि फॉर्म असता. आजार बरा होणारा नाही, हे खरं. पेशंट शुद्धीवर, बोलणं सुसंगत, हेही खरं. तीन दिवस तीच मागणी. सही करायला कोण येणार? तो रेसिडेंट डॉक्टर, जो आदल्या सकाळपासून उभा होता आणि केसपेपर लिहिता लिहिता ज्याचं पेन कागदावरून घसरत होतं. त्यानं बेइमानी केली नसती. सगळे रकाने खरेच भरले असते. फक्त आवणाचा रकाना फॉर्मवर नसता, आणि ते विचारायला लागणारी दहा मिनिटं मला तिसऱ्या रात्री मिळाली, तीही नशिबानं.

आमच्या मावशीनं बाबांकडे बघायचं कबूल केलं आणि मुलगा चार दिवस गावी जाऊन लावणी उरकून आला. त्यानंतर बाबांनी ते वाक्य कधीच म्हटलं नाही, असं मी सांगणार नाही. कूस बदलताना दुखलं की म्हणायचे. पण ट्रॉली आली की पदर धरायचे ते थांबलं.

आता दुसरी बाजू, कारण तीही मी भोगली आहे.

२०२४ मध्ये माझे थोरले दीर मेंदूतल्या रक्तस्रावानं कोसळले. ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात १९ दिवस व्हेंटिलेटरवर होते. न्यूरॉलॉजिस्टनी आम्हाला बसवून नीट सांगितलं, आता परत येणं नाही. मी विचारलं, मग सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलेल्या पद्धतीनं व्हेंटिलेटर काढता येईल का? ते अवघडले. प्रशासनातून माणूस आला. "मॅडम, आमच्याकडे त्यासाठी डॉक्टरांचं बोर्ड वगैरे नाही. तुम्ही डामा करून घरी न्या." डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट नेतो, असं लिहून द्यायचं. ज्यांनी सल्ला दिला, त्यांच्याच सल्ल्याविरुद्ध आम्ही सही केली.

ॲम्ब्युलन्समध्ये अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, माझ्या हातात होती. दर पाच-सहा सेकंदांनी एक दाब. माजिवड्यापासून मेट्रोचं काम आणि गाड्यांची रांग. कापूरबावडी ओलांडायलाच अर्धा तास गेला. जाऊबाई त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि सारखं म्हणत होत्या, उंबरा ओलांडेपर्यंत श्वास राहू दे गं. पातलीपाड्याजवळ माझं दुसऱ्या हाताचं बोट दिरांच्या मानेवर होतं आणि नाडी गेल्याचं मला कळलं. मी काही बोलले नाही. कासारवडवलीपर्यंत, लिफ्टमध्ये, दारातून आत पलंगापर्यंत मी बॅग दाबत राहिले. आठ दिवस माझं मनगट दुखत होतं. जाऊबाई ही पोस्ट वाचणार आहेत. त्यांना मी हे पंधरा दिवसांनी सांगितलं होतं.

म्हणजे एकीकडे ज्याला जगण्याची अडचण होती त्याला मरण मागावं लागलं, आणि दुसरीकडे ज्याचं मरण आलेलंच होतं त्याला ते घोडबंदर रोडवर, ट्रॅफिकमध्ये घ्यावं लागलं. हे दोन्ही प्रकार मला एकाच दुखण्याचे वाटतात. आपल्या रुग्णालयांत मरणाऱ्या माणसासाठी वेळ, माणूस आणि जागा ठेवलेलीच नाही.

कायदा काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं आपल्याकडे काहीच नाही. इंजेक्शन देऊन मरण आणणं भारतात गुन्हा आहे. पण जगवणारी यंत्रं न लावणं किंवा काढून घेणं, याला सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ रोजी हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या केईएमच्या सिस्टर अरुणा शानभाग यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून वाट दिली. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायला, मान्यता दिली. ती पद्धत इतकी किचकट होती की कुणी वापरू शकेना, म्हणून २४ जानेवारी २०२३ ला सोपी केली. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, असं तिघांचं पहिलं बोर्ड. मग तिघांचंच दुसरं, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला. शक्यतो ४८ तासांत निर्णय. घरच्यांची संमती. व्हेंटिलेटर काढण्याआधी मॅजिस्ट्रेटना कळवायचं. लिव्हिंग विल नसलं तरी हा रस्ता खुला आहे. माझ्या दिरांसाठीही होता. सहा डॉक्टर आणि एक पत्र, एवढंच लागत होतं, आणि वातानुकूलित लॉबी असलेल्या रुग्णालयाला ते जमवायची तयारी नव्हती.

मग मला सांगा, ज्यांना आज मान्य असलेलं साधं पाऊल झेपत नाही, त्यांच्या हातात सिरिंज कशाच्या भरवशावर द्यायची? त्यात तर पेशंट बेशुद्ध नसतो. तो आपल्याकडे बघत असतो. त्याचं खरं मागणं काय, घरच्यांचा दबाव आहे का, नैराश्य आहे का, हे शोधावं लागतं. त्याला माणसं लागतात.

आणि माणसं नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक सिस्टर हवी, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं. प्रत्यक्षात किती असतात, ते आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या कुणालाही विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा सगळे डॉक्टरांवर आणि सिस्टरांवर तुटून पडले. मी तिथली नाही. त्या मृत्यूंचा निवाडा मी करणार नाही. पण तेव्हा ठाण्याच्या सिव्हिलचं, म्हणजे जिल्हा रुग्णालयाचं, नवं बांधकाम सुरू होतं, आणि शहापूर, मुरबाड, पालघरकडून येणारा लोंढा थांबत नव्हता, ही परिस्थिती आम्हा सगळ्यांना माहीत होती. अशा वॉर्डात मरण मागणाऱ्याजवळ स्टूल ओढून कोण बसणार?

पुतणी म्हणाली, "पण परदेशात चालतं ना?" चालतं. नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायदा आहे. कॅनडात २०१६ मध्ये आला, तेव्हा मृत्यू नजीक असण्याची अट होती. २०२१ मध्ये ती काढली. २०२३ मध्ये तिथे १५,३४३ जणांनी असं मरण घेतलं, म्हणजे देशातल्या एकूण मृत्यूंपैकी ४.७ टक्के. त्यातले पुष्कळ जण खरंच शेवटच्या टप्प्यात होते आणि त्यांच्या निर्णयाला बोल लावायचा मला अधिकार नाही. ब्रिटनमधली चर्चा मला जास्त आपल्या जवळची वाटली. २० जून २०२५ ला तिथल्या कॉमन्स सभागृहानं ३१४ विरुद्ध २९१ मतांनी विधेयक मंजूर केलं. पण त्यांचे आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग विरोधात होते. शेवटच्या काळातली शुश्रूषा सुधारायला आणि ही नवी सेवा उभारायला पैसा लागतो आणि तो बजेटमध्ये नाही, असं ते म्हणाले. मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनंही पाठिंबा नाकारला. एक कारण असं, की पेशंट तपासायला पुरेसे मानसोपचारतज्ज्ञच नाहीत. मरणाऱ्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या आधुनिक हॉस्पिसची सुरुवात ज्या देशात झाली, तिथली ही कबुली आहे.

आपल्याकडे खर्चाची गोष्ट आणखी बिकट. सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के पैसा लोक स्वतःच्या खिशातून भरतात. फुले योजनेत बसलं तर बसलं. मी व्हरांड्यात ऐकलं आहे, "आता काय जमीन काढायची का?" बोलणारा मुलगा वाईट नव्हता. त्याच्या पदरी दोन शिकणारी पोरं होती. पण खाटेवरच्या आईला ते ऐकू जात होतं. त्यानंतर तिनं "मला नको आता" म्हटलं, तर ती तिची इच्छा म्हणून मी कुठल्या तोंडानं लिहून घेऊ?

कुणीतरी खाली विनोबांचं नाव लिहीलच. १९८२ मध्ये पवनारला त्यांनी अन्नपाणी आणि औषध सोडलं. सावरकरांनीही १९६६ मध्ये प्रायोपवेशन केलं. मला दोघांबद्दल आदर आहे. पण त्यांच्या भोवती माणसं होती, दिवस-रात्र सेवा करणारी. व्हरांड्यातल्या गादीवरच्या माणसाशी ती तुलना करू नका.

दुखणं कमी करणं अवघड नाही, म्हणून जास्त जीव तुटतो. मॉर्फिनची गोळी काही रुपयांची आहे. अफू आपल्याच मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं पिकते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं परवान्यांचं असं जंजाळ केलं की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये दुरुस्ती करून वाट मोकळी केली, तरी भीती गेली नाही. डबल लॉकचं कपाट, रजिस्टर, हिशेब चुकला तर चौकशी. ज्या कपाटात आहे, तिथेही "सवय लागेल" म्हणून हात आखडतात. आठवडाभर जगणाऱ्या माणसाला कसली सवय लागणार? केरळनं २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरा न होणाऱ्या पेशंटचं दुखणं हलकं करणाऱ्या शुश्रूषेचं, धोरण आणलं. तिथे सिस्टर घरोघरी जाते, शेजारपाजारचे लोक स्वयंसेवक असतात. आपल्या बाजूला वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, टाटाचा पॅलिएटिव्ह विभाग आहे. पण मुरबाडच्या माणसाला त्या दोन्हीचा काय उपयोग?

आणि बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमा. दर दोन तासांनी कूस बदलली तर बहुतेक वेळा होत नाही. केईएमच्या सिस्टरांनी अरुणाताईंना तब्बल ४२ वर्षं सांभाळलं, अंगावर जखम होऊ दिली नाही. मी ते नेहमी शिकाऊ मुलींना सांगायचे. पण एका सिस्टरमागे तीसच्या वर पेशंट असले की दोन तासांचे सहा होतात. मग कातडी जाते, वास यायला लागतो, घरचे नाकाला रुमाल लावतात. त्या रुमालाकडे बघून माणूस मरण मागतो. त्याला कॅन्सरनं तिथवर आणलेलं नसतं, आम्ही आणलेलं असतं.

तर पुतणीला माझं उत्तर हे. तत्त्व म्हणून मी विरोधात नाही. असह्य होऊन, सगळं मिळूनही, कुणी शुद्धीत सुटका मागितली, तर त्याला नाही म्हणणारी मी कोण? पण "सगळं मिळूनही" हे आधी व्हायला हवं. आज, या वॉर्डांत, हा कायदा नको. आधी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आणि ते द्यायला शिकलेला डॉक्टर. घरी जाणारी सिस्टर. आणि २०२३ ची बोर्डं प्रत्येक मोठ्या रुग्णालयात, सरकारी आणि खासगी, नुसती कागदावर नव्हे. अॅडमिट करताना रिसेप्शनवर विचारा, "तुमच्याकडे बोर्ड आहे का?" पुन्हा पुन्हा विचारलं गेलं की करतील.

मी माझं लिव्हिंग विल केलं आहे. ठाणे कोर्टाजवळच्या नोटरीकडे, दोन साक्षीदार घेऊन. त्यांनी आधी मालमत्तेचं मृत्युपत्र समजून फ्लॅटचा नंबर विचारला. मी समजावलं, त्यांनी पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "सिस्टर, एक कॉपी मलाही द्या, घरी दाखवतो." अशी कागदपत्रं ठेवायला महापालिकांमध्ये अधिकारी नेमायला हवेत, म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते, त्यांचे आभार. माझ्या कागदात व्हेंटिलेटर नको, नळीनं जेवण नको, असं आहे. शेवटची ओळ मी हातानं वाढवली, की दुखत असेल तर मॉर्फिन पुरेसं द्यावं आणि दर दोन तासांनी कूस बदलावी.

नमुना हवा असेल त्यांनी खाली लिहा, फोटो पाठवते. वॉर्डातल्या माझ्या मुलींनो, तुम्ही काय बघताय तेही लिहा, रुग्णालयाचं नाव न घेता.