रुग्णालय बांधताय? मग रुग्णाला मध्ये आणू नका

रुग्णालय बांधायला काढलंय म्हणे. छान. एक सूत्र आधीच पक्कं करा: रुग्णालय उभ्या माणसांसाठी बांधायचं असतं. विश्वस्त उभे असतात, देणगीदार उभे असतात, फीत कापायला आलेले पाहुणे उभे असतात, आणि इमारतीचे फोटो काढणारा तर स्टुलावर उभा असतो. आडवा एकटा रुग्ण. त्याचं मत घ्यायला जावं तर तो भुलीत.

तेव्हा सगळा जीव लॉबीत ओता. चार मजली उंची, वर काचेचं छप्पर, कोपऱ्यात पियानो. नोंदणीची रांग फोटोत येऊ नये म्हणून ती खांबामागे. आणि भिंतीवरून झुळझुळणारं पाणी हवंच. निसर्ग आत आणायचे दिवस आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात २०१० साली एका रुग्णालयाच्या लॉबीतल्या अशाच जलभिंतीतून लिजिओनेला जंतू पसरले आणि ८ जणांना लिजनेअर्स हा न्यूमोनियाचा प्रकार झाला. लोक उगाच घाबरतात. चांगली बाजू बघा ना: रुग्णालयाने आपले रुग्ण आपणच घडवले, तेही नोंदणी खिडकीपासून हाकेच्या अंतरावर.

निसर्गावरून आठवलं, सादरीकरणात रॉजर उलरिक हे नाव टाकायला विसरू नका. सगळेच टाकतात. या संशोधकाने १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत बघत पडलेल्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण होते ४६. एवढ्याशा अभ्यासावर गेली चार दशकं किती काचा विकल्या गेल्या असतील, देव जाणे. तुम्ही मात्र त्यातून योग्य तोच बोध घ्या. झाडं दिसणारी बाजू प्रशासकीय कार्यालयाला द्या, कारण तिथली माणसं वर्षानुवर्षं राहतात. रुग्ण काय, चार दिवसांचा पाहुणा. त्याच्या खोलीत झाडाचं पोस्टर लावा. पोस्टरची पानं गळत नाहीत.

आता छत. इथे एका माणसाची गोष्ट सांगतो, म्हणजे काय करू नये ते कळेल. फिनलंडमध्ये पायमिओ इथे आल्व्हार आल्टो या वास्तुरचनाकाराने क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधलं. १९३३ साली ते सुरू झालं. हा गृहस्थ आडव्या माणसाच्या नजरेने विचार करत बसला! दिवसभर पडून असलेल्याला छतच दिसणार, म्हणून छताला गडद, शांत रंग. दिवा थेट डोळ्यांवर येणार नाही अशा जागी. हात धुवायची बेसिनं तर अशा उताराची केली, की पाणी पडल्याचा आवाज होऊ नये आणि शेजारच्याची झोप मोडू नये. एवढी बुद्धी बेसिनच्या उतारावर खर्च! तुम्ही असल्या फंदात पडू नका. पांढऱ्या चौकोनी टाइल्सचं फॉल्स सीलिंग घ्या, त्यातली एक टाइल पाणी झिरपून पिवळी पडेलच, आणि एलईडी पॅनल बरोबर उशीच्या वर बसवा. रुग्णाने डोळे मिटले तर तो विश्रांती घेतोय अशी नोंद करता येते.

झोपेचं फार मनावर घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वॉर्डात सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा. प्रत्यक्षात जगभरातल्या रुग्णालयांतल्या मोजमापांचा आढावा घेतला तेव्हा दिवसाचा आवाज १९६० मधल्या ५७ डेसिबलवरून २००५ पर्यंत ७२ वर गेलेला दिसला. प्रगती याला म्हणतात. पुसायला सोप्या म्हणून सगळ्या भिंती आणि फरश्या टणक, गुळगुळीत घ्या, म्हणजे एका खोलीतल्या मॉनिटरचा अलार्म मजलाभर पोचेल. फरशी चकचकीत हवी, हे सांगायला नकोच. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना चकाकी म्हणजे सांडलेलं पाणी वाटतं आणि काळा पट्टा म्हणजे खड्डा. ते बिचकत चालतील. चालू द्या, फिजिओथेरपी आपोआप होते.

खोल्या सगळ्या स्वतंत्र ठेवा. हे मात्र मी गंभीरपणे सांगतोय. एकेरी खोलीत संसर्गाला आळा बसतो, माणसाला खासगीपण मिळतं. अमेरिकेतल्या रुग्णालय-बांधणीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी २००६ सालीच नव्या इमारतींसाठी ती पद्धत प्रमाण मानली. पण चांगल्या कल्पनेचं वाटोळं करायलाही जागा असते, आणि इथे ती दारात आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पद्धतीच्या लांबट वॉर्डात सिस्टर एका टोकाला उभी राहिली तरी सगळे पलंग तिच्या नजरेत असत. तुम्ही दारं भरीव लाकडाची करा, सिस्टरांचं टेबल कॉरिडॉरच्या पार टोकाला टाका आणि सिस्टरांची संख्या पूर्वीइतकीच ठेवा. पाय दुखतात अशी कुरकुर सुरू झाली की कर्मचारी आरोग्य सप्ताह जाहीर करा, सगळ्यांना पावलं मोजणारे पट्टे वाटा आणि पहिलं बक्षीस रात्रपाळीला द्या.

एक धोका तेवढा सांभाळा. काही शहाणे बांधकामाआधी पुठ्ठ्याची, खऱ्या मापाची खोली उभी करतात आणि सिस्टर, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना आत सोडतात. हे लोक लगेच पलंग ढकलून बघतात. पलंगाबरोबर सलाइनचा स्टँड आणि ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन वळून बघतात. बाथरूममध्ये रुग्ण पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडकेल, हेही त्यांना तिथल्या तिथे दिसतं. पुठ्ठा कापायला दोन मिनिटं लागतात, म्हणजे सुधारणा टाळायला कारणच उरत नाही. म्हणून त्यांना फरश्या बसल्यावरच बोलवा. मग हवं तेवढं बोलू द्या, वहीत सगळं उतरवून घ्या आणि सांगा, दुसऱ्या टप्प्यात नक्की घेऊ. दुसऱ्या टप्प्यात पार्किंग आहे.