एखादा जुना पिक्चर सुचव ना!

"एखादा चांगला जुना पिक्चर सुचव ना, सगळे मिळून टीव्हीवर बघू" असा मेसेज फॅमिली ग्रुपवर पडला की मी समजून जातो, गेला आपला रविवार. कारण अटी मागाहून येतात. रडका नको, सबटायटल वाचायला लागणारा नको, फार लांब नको आणि जमलं तर ब्लॅक अँड व्हाइट नको. अहो मग जुना मागता कशाला!

पण खाज मलाही आहेच. आधी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' सुचवला, १९५७चा, जवळजवळ सगळा पिक्चर एकाच खोलीत आणि तरी जागचं हलू देत नाही. दाजींचं लगेच उत्तर, "हा तर 'एक रुका हुआ फैसला'ची कॉपी." आता तो आला १९८६ला, म्हणजे कॉपी कुणी कुणाची केली हे मी तारखांसकट लिहिलं तर म्हणाले, "असेल, पण पंकज कपूर काय भारी होता." होताच भारी, त्यामुळे मला पुढे बोलताच येईना.

शेवटी 'बायसिकल थीव्हज' हा इटालियन पिक्चर ठरला कारण दीड तासाचा आहे. रडका आहे हे मी लपवलं.

दिग्दर्शक हिचकॉकने 'सायको'च्या वेळी, १९६०ला, पिक्चर सुरू झाल्यावर कुणालाही थिएटरात सोडायचं नाही असा नियमच केला होता म्हणे. आमच्याकडे दाजी विसाव्या मिनिटाला आले, आल्या आल्या विचारलं "टीव्ही बिघडलाय का, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या कसल्या?" मी सांगायला लागलो की तेव्हा पडदा जवळपास चौकोनी असायचा आणि आपले टीव्ही आडवे, तोवर त्यांनी रिमोट घेऊन चित्र ताणलंसुद्धा. हिरो एका सेकंदात दहा किलोने सुटला आणि सायकलची चाकं अंड्यासारखी झाली. वर त्या टीव्हीत ते मोशन स्मूदिंग चालू, म्हणजे सेकंदाला चोवीस फ्रेम असतात त्यांच्या मधे टीव्ही स्वतःच्या मनाने आणखी घुसडतो, त्यामुळे १९४८चं रोम संध्याकाळच्या सिरियलसारखं दिसायला लागलं. भाचीने गुपचूप सेटिंग नीट करून दिलं, गुणाची पोर. मावशीला चष्म्यातून सबटायटल दिसत नव्हती म्हणून तीच मराठीत सांगत होती, पडद्यावर दोन मिनिटं भांडण चाललेलं आणि ही म्हणते "तो नाही म्हणतोय."

आणि मी? मी पिक्चर बघतच नव्हतो, मी यांची तोंडं बघत होतो. मधेमधे "आता बघा हं" पण चालू होतं. "हा हिरो नट नाहीये बरं का, खरा फॅक्टरीतला कामगार आहे" असं मी कौतुकाने सांगितलं तर मावशी म्हणाली, "मग बिचाऱ्याला कामाचा खाडा करायला लावला की रे."

एक जागा मात्र जमली. गहाण पडलेली सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते ना, तिथला माणूस ते गाठोडं घेऊन रॅकवर चढतो, चढतो, चढतच जातो आणि वरपर्यंत नुसती लोकांची गाठोडीच गाठोडी. तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. दाजींनी फोन उलटा ठेवला. मला वाटलं जिंकलो.

मग सायकल चोरीला गेली आणि मावशी उसळली. "चादरी विकून आणली आणि मेल्याने कुलूप नाही लावलं?" त्यानंतर शेवटपर्यंत तिचा राग चोरावर नव्हताच, हिरोवर होता. तो पोलिसांत गेला तरी हिचं आपलं "आधी कुलूप, मग पोलीस."

शेवटी भाचीचे डोळे लाल. ताई स्वयंपाकघरात निघून गेली, ती रडते तेव्हा तिथेच जाते. दाजींनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मधे एक फोन आला होता, सायकल मिळाली का?"

मी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

रात्री साडेअकराला त्यांचा मेसेज. "झोप येत नाहीये. त्या हिरोचा पोरगा डोळ्यांसमोरून जात नाही. अजून एखादा सुचव, पण सायकल सापडते असा."